मदत हवी आहे: हापूसच्या हिशेबाच्या ४० स्क्रिप्ट पायथन २.७ वरून ३ वर न्यायच्या आहेत

देवगड तालुक्यातली आंबा बागायतदारांची संस्था. पेट्यांची मोजणी, वाशीच्या बाजारातून येणाऱ्या पट्ट्या (विक्रीचे हिशेब), रोजंदारी, सगळं सभासदांनीच पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या स्क्रिप्टांवर (छोट्या प्रोग्रामांवर) चालतं. विंडोज आहे. नव्या संगणकांवर पायथन ३ येतंय. हंगाम संपलाय, पावसाळाभर वेळ आहे. टूटूथ्री (पायथन २ चा कोड आपोआप ३ चा करून देणारं साधन) चालवून भागेल का? लिहिणारे प्रोग्रामर नाहीत, त्यांना नेमकं काय तपासायला सांगू?

प्रतिसाद १
टूटूथ्री ३.१२ किंवा त्याआधीच्या पायथनमधून चालवा, ३.१३ मध्ये ते काढून टाकलंय. प्रिंट, एक्सरेंज, हॅज_की अशा जुन्या आज्ञा ते बदलून देतं. त्यातलं काही राहिलं तरी स्क्रिप्ट तिथेच अडते आणि ओळ दाखवते. घाबरायचं ते न अडता चुकीचा आकडा देणाऱ्या स्क्रिप्टला.

पाच डझनी पेटी म्हणजे ६० फळं. २५०/६० चं उत्तर २.७ मध्ये ४ येतं, ३ मध्ये ४.१६६. भरलेल्या पेट्या हव्या असतील तर / ऐवजी // (पूर्णांक भागाकार) लिहा, उरलेली १० फळं % ने (बाकी) काढा. टूटूथ्री भागाकाराला हात लावत नाही, कारण आकडा पूर्णांक आहे की दशांश हे त्याला कळत नाही. म्हणून आधी २.७ वरच -३ हा पर्याय देऊन स्क्रिप्ट चालवा, अशा भागाकारावर इशारा येतो. मात्र ती ओळ प्रत्यक्ष चालली तरच.

रोजंदारीत राउंड (दशांश काढून पूर्ण आकडा करणारी आज्ञा) बघा. ४१२.५० चे २.७ मध्ये ४१३ होतात, ३ मध्ये ४१२. बरोबर अर्धा असला की ३ सम आकड्याकडे जातं. मजुराचा रुपया आहे, हे सोडू नका.

प्रतिसाद २
सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साधी तक्त्याची फाइल) लिहिताना फाइल उघडायचा मोड २.७ मध्ये ‘डब्ल्यूबी’ होता, आता ‘डब्ल्यू’, न्यूलाइन रिकामी आणि एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या, म्हणजे एक्सेलला देवनागरी नीट दिसेल. एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) न दिल्यास विंडोजची स्वतःची जुनी पद्धत, म्हणजे कोडपेज, धरली जाते आणि देवनागरी नाव लिहितानाच एरर येते. नावं ठरावीक लांबीत कापत असाल तर तेही तपासा: ‘आंबा’ची लांबी २.७ च्या साध्या स्ट्रिंगमध्ये १२ बाइट, ३ मध्ये ४.

गेल्या हंगामातल्या एका गर्दीच्या दिवसाची माहिती दोन्हीकडे चालवून निकालाच्या फायली एफसी कमांडने ताडून बघा. पट्ट्या आणि रोजंदारी आधी घ्या.

धागाकर्ता
एकाच संगणकावर दोन्ही ठेवता येतील का?

प्रतिसाद २
हो. पाय लाँचर (पायथनची हवी ती आवृत्ती निवडून चालवणारा विंडोजवरचा प्रोग्राम) असेल तर ‘पाय -२.७’ आणि ‘पाय -३’ असं चालवा. फक्त मूळ फोल्डरची प्रत काढून तिच्यातच बदल करा, टूटूथ्रीचा ‘-डब्ल्यू’ पर्याय मूळ फाइलवरच लिहितो.