मदत हवी आहे: आईबाबांसाठी क्रूझवर कोणती केबिन घ्यावी?

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातले. कपाशीची वेचणी आटोपली की आईबाबांना मुंबई-गोवा क्रूझवर न्यायचं आहे. दोघांनीही समुद्र पाहिलेला नाही, म्हणून केबिन नीट निवडायची आहे.

आईला एसटीत चिखलदऱ्याचा घाट लागला की मळमळतं. जहाजाच्या मध्यभागी, खालच्या डेकवर हेलकावे सर्वांत कमी जाणवतात, टोकांना आणि वर जास्त, एवढं मला कळलं आहे. पण बाबा उन्हाळाभर अंगणात बाजेवर झोपणारे. आतल्या केबिनला खिडकीच नसते, दिवा मालवला की दिवसाही काळोख. तिथे त्यांचा जीव घुसमटेल. बाल्कनीच्या केबिन बहुतेक वरच्या डेकवर, आणि महागही.

मग मधल्या भागातली, खालची, खिडकीवाली बरी ना? खिडकीसमोर लाइफबोट येत नाही हे डेकच्या नकाशावर कसं ओळखायचं? एजंट स्वस्त भाडं सांगतो, पण त्यात केबिन कंपनी ठरवणार. मला ते पटत नाही. बाबांचे गुडघे दुखतात, वरचा बर्थ नकोच. लिफ्टजवळची घेतली तर रात्री आवाज होतो का?

म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सांगा.