मदत हवी आहे: गेटवर गिअर तपासायला वेळच पुरत नाही

रविवारचा_मार्शल:
रविवारी रेसच्या गेटवर परत मार्शलची ड्युटी आहे, जरा लवकर सांगा. मागच्या वेळी रायडरचं गिअर (हेल्मेट, ग्लोव्ह्ज वगैरे) बघण्यात एकेका हीटला, म्हणजे फेरीला, दहा मिनिटं गेली, संयोजक माइकवरून ओरडत होते. आम्ही दोघंच. झटपट पण नीट कसं तपासायचं?

पिट_लेन:
हान्सपासून, म्हणजे मान सांभाळणाऱ्या उपकरणापासून, सुरुवात कर. त्यावर एफआयए (मोटरस्पोर्टची जागतिक संघटना) 8858 चं लेबल बघ, मग हार्नेसची (कारमधल्या पट्ट्यांची) मुदत. एफ वनमध्ये 2003 पासून हान्स सक्तीचं आहे.

रविवारचा_मार्शल:
अहो, बाइक आहेत! डर्ट ट्रॅक!

चिखल्या:
मग ते आधी लिही ना. एका हीटला किती जण? स्क्रूटिनी (रेसआधीची तपासणी) वेगळी होते का?

रविवारचा_मार्शल:
पंधरा. स्क्रूटिनी सकाळी होते, स्टिकर लावतात.

जुनी_खोड:
मग गेटवर बूट-चेस्ट गार्ड कशाला उकरतोस? सकाळी बघून झालंय ते. गेटवर हेल्मेटचा पट्टा, गॉगल, ग्लोव्ह्ज. पुढे सर.

रविवारचा_मार्शल:
तसंच करायचो. पण एकच हेल्मेट घालून तीन पोरं उतरली, तीन वेगळ्या वर्गांत. शेवटच्याच्या डोक्यावर ते घंटेसारखं डुलत होतं. स्टिकर होताच.

चिखल्या:
हे आत्ता सांगतोयस? मुख्य भानगड हीच आहे. पास झालं ते हेल्मेट, डोकं नाही! स्टिकरवर रायडरचा नंबर टाका.

जुनी_खोड:
नंबराने काय होतंय, पोरं खोडतात. हलवून बघ. पट्टा बांधलेला असताना हेल्मेटची मागची कड धरून पुढे उचल. निघालं तर घरी पाठव.

चिखल्या:
पंधरा जणांची मुंडकी हलवत बसला तर परत दहा मिनिटं. ही ओढाओढ सकाळीच, नंबर लिहायच्या आधी.

घाटवेडा:
आयएसआय असेल तर चालतं की. 1 जून 2021 पासून बिनाआयएसआय विकायलाच बंदी आहे.

जुनी_खोड:
तो रस्त्याचा कायदा. रेसला काय चालतं ते स्पर्धेच्या नियमपत्रकात बघायचं. आणि शिक्का कुठलाही असो, सैल हेल्मेट ते सैलच.

चिखल्या:
मार्शल, डबल डी-रिंगकडे, म्हणजे हेल्मेटच्या पट्ट्याच्या दोन कड्यांकडे, लक्ष ठेव. पट्टा दोन्ही कड्यांतून जाऊन परत एकाच कडीतून मागे यायला हवा. घाईत पोरं नुसता ओवून सोडतात. वरून घट्ट दिसतो, ओढला की सरकतो. म्हणून नजरेने नको, बोट घालून खाली ओढ. माणशी पाच सेकंद.

टूलबॉक्स:
ब्रेक-क्लचच्या लिव्हरच्या टोकाला गोळा आहे का बघता ना? एफआयएमच्या (बाइक रेसिंगची जागतिक संघटना) नियमात व्यास किमान 16 मिमी. साइड स्टँडही काढलेला हवा.

रविवारचा_मार्शल:
बाइक दुसरा गट बघतो. ओढून बघायचं पटलं. पण गेटवर पोरं हुज्जत घालतात, इंजिनं चालू असतात, काही ऐकू येत नाही.

जुनी_खोड:
बोलायचंच नाही. अंगठा वर म्हणजे पास, आडवा हात म्हणजे बाहेर. हे सकाळच्या ब्रीफिंगमध्येच सांगून ठेव.

घाटवेडा:
अवांतर: भाच्याला ऑफिसला जायला हेल्मेट घ्यायचंय. दोन हजारांत बरं मिळेल का?