जुन्या ट्रॅक्टरच्या ऑइलमध्ये पाणी उतरते आहे : हेड आधी खोलावे की चेंबर?

निपाणी परिसर, ऊसवाहतूक

नमस्कार. आमचा तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर ऊसवाहतुकीवर असतो. अलीकडे रेडिएटरमधले पाणी कमी होते, पण बाहेर कुठेही गळती दिसत नाही. डिपस्टिकवरची पातळी मात्र वाढली असून ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा झाला आहे. गावातले मिस्त्री हेड गॅस्केट (सिलिंडरवरचे झाकण म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधले पॅकिंग) गेल्याचे सांगून हेड उचलायचा आग्रह धरतात, तर दुसरे फिटर थेट बोअर किट (पिस्टन आणि सिलिंडरच्या नळ्यांचा नवा संच) घालायला सांगतात. दोन्ही खर्चांत मोठे अंतर आहे आणि गाळप हंगाम तोंडावर आला आहे. दोष नेमका कुठे आहे हे खर्चाआधी कसे ओळखावे, आणि काम कोल्हापूरला न्यावे की बेळगावला, याविषयी जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

फिटर, उद्यमबाग, बेळगाव

सर्वांत आधी, हा ट्रॅक्टर आता अजिबात सुरू करू नका. पाणी मिसळलेल्या ऑइलचा थर बेअरिंगवर टिकत नाही. शेल (बेअरिंगच्या वाट्या) खरवडले गेले तर क्रँक ग्राइंडिंगला न्यावा लागतो आणि रबराच्या रिंगांवर भागणारे काम पूर्ण इंजिनावर जाते.

ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवून सकाळी चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) ड्रेन नट पूर्ण न काढता हळूच सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी बसलेले पाणी आधी बाहेर येते. दोन्ही एकजीव झाले असतील तर ऑइलचा एक थेंब गरम तव्यावर टाका. पाणी असेल तर तो तडतडतो. (पावसाळ्यात खानापूरकडच्या दमट हवेत ट्रॅक्टर थोडा थोडाच चालवला, तर ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पिवळसर साय जमते, डिपस्टिक स्वच्छ असेल तर ती केवळ वाफ असते. तुमच्याकडे पातळीच वाढली आहे, म्हणून ती शक्यता मी धरत नाही.)

त्यानंतर हेडला हात न लावता चेंबर उतरवा. हेडपासून सुरुवात करण्याची सवय माझ्या मते चुकीची आहे, कारण हेड उचलले की पाण्याचा मार्ग उघडा पडतो आणि दाब देऊन गळती पाहण्याची संधीच जाते. रेडिएटर काठोकाठ भरून त्याच्या तोंडावर हातपंपाचा प्रेशर टेस्टर बसवा, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकीच हवा द्या आणि खालून बॅटरीच्या उजेडात पाहत राहा. थेंब लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) आणि ब्लॉक यांच्या फटीतून उतरला तर लायनरच्या खालच्या ओ-रिंगा (रबराच्या रिंगा) गेल्या आहेत. तो लायनरच्या आतून, पिस्टनच्या कडेने आला, तर गॅस्केट, हेडची चीर किंवा लायनरला पडलेले छिद्र यांचा संशय घ्यावा. पुढच्या टायमिंग कव्हरकडून आला तर वॉटर पंपाकडची बाजू तपासा. काही ट्रॅक्टरांत चेंबर ओतीव लोखंडाचा असून पुढच्या अॅक्सलचा भार त्याच्यावर येतो. तिथे इंजिनाला खालून भक्कम आधार दिल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नये.

अथणीचा शेतकरी

वरील सल्ल्याला एक पुस्ती जोडतो. लायनर ओला की सुका, हे आधी पाहावे. पर्किन्सच्या ३.१५२ जातीच्या इंजिनात लायनर सुका असतो, त्याच्याभोवती पाणीच फिरत नाही. तिथे ओ-रिंगांचा प्रश्न येत नाही आणि संशय गॅस्केट, हेड व ब्लॉककडे वळतो. झेटरच्या धर्तीवरच्या इंजिनांत लायनर ओला असतो.

निपाणी परिसर, ऊसवाहतूक

आमचा लायनर ओला आहे. सांगितल्याप्रमाणे पाहिले, तेव्हा मधल्या लायनरच्या बाहेरून थेंब उतरताना स्पष्ट दिसला. ट्रॅक्टर चालू असताना रेडिएटरमध्ये बुडबुडेही कधी दिसले नव्हते.

फिटर, उद्यमबाग, बेळगाव

मग निदान जुळते. गॅस्केट फुटून ज्वलनाचा वायू पाण्यात शिरत असता तर बहुधा बुडबुडे दिसले असते. लायनर काढण्यासाठी आता हेड उचलावेच लागेल, पण ओ-रिंगा तिन्ही लायनरच्या बदला, कारण त्यांचे वय एकच आहे. लायनरची पाण्याकडची बाजू नीट पाहा. तिथे खोल खड्डे पडले असतील तर तो लायनर पुन्हा बसवू नये. ब्लॉकमधली रिंगांची बैठक गंज खरवडून गुळगुळीत करावी, रिंग पीळ न पडता बसवावी, आणि लायनरची कड ब्लॉकच्या वर किती उरते ते डायल गेजने मोजून मॅन्युअलशी ताडावे. ही कड कमी पडली तर नवे गॅस्केटही टिकत नाही.

कोल्हापूर तुम्हाला जवळ पडते आणि तिथल्या उद्यमनगरातही चांगली मशीन शॉप आहेत, त्यामुळे केवळ हेडसाठी बेळगावपर्यंत येण्याचे कारण नाही. जिथे फेसिंगच्या (हेडचा तळ घासून सपाट करण्याच्या) आधी हेडची पाण्याच्या दाबावर चाचणी घेतात, तिथेच काम द्या. चीर असलेल्या हेडचे फेसिंग म्हणजे वाया गेलेला पैसा.

शेल पाहून, हेड बसवून झाले की चेंबर लावण्याआधी तीच दाबाची परीक्षा पुन्हा घ्या. पहिल्यांदा सुरू करताना इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवा, म्हणजे सिलिंडरमध्ये पाणी राहिले असल्यास कनेक्टिंग रॉड वाकणार नाही. पहिले ऑइल थोडा वेळ चालवून गरम असतानाच काढा, फिल्टर बदला, आणि रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी न घालता कूलंट घाला.