सागवानाच्या फळ्या जोडायला क्लॅम्प कुठले घेऊ आणि किती?

बाल्कनीतला_सुतार:
नमस्कार मंडळी. गावच्या घराचं जुनं दार काढलं त्यातून सागाच्या पाच फळ्या मिळाल्यात, प्रत्येक 5 इंच रुंद, 4 फूट लांब. कडेला कड चिकटवून स्टडी टेबलचा टॉप करायचाय. गोंद सुकेपर्यंत फळ्या आवळून धरायला माझ्याकडे फक्त दोन 6 इंची जी क्लॅम्प आहेत. ऑनलाइन बघितलं तर एफ क्लॅम्प, सॅश क्लॅम्प, पाइप क्लॅम्प, पॅरलल क्लॅम्प, डोकं गरगरायला लागलं, पॅरललची किंमत बघून तर टॅबच बंद केला. नक्की काय घेऊ?

भुसाच_भुसा:
जी क्लॅम्प 25 इंचाला पोचणारच नाहीत रे, पण टाकू नकोस, लागतील. किती घ्यायचे त्याचा हिशोब असा की दाब क्लॅम्पच्या तोंडापासून दोन्हीकडे साधारण 45 अंशात पसरतो, म्हणजे कडेची फळी 5 इंची असेल तर एक क्लॅम्प पहिल्या जोडावर 10 इंच सांभाळतो. 4 फुटाला पाच झाले. आलटून पालटून एक खालून एक वरून लाव, मी पहिल्यांदा सगळे एकाच बाजूने आवळले आणि टॉप भाजलेल्या पापडासारखा वळला.

पाऊण_इंची:
स्वस्तात हवं असेल तर पाइप क्लॅम्प. फक्त तोंडं, म्हणजे फळ्या दाबणारे दोन जबडे, विकत घे, पाइप नळाच्या सामानवाल्याकडे मिळतो, पाऊण इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी), 20 फुटी एका पाइपमध्ये सव्वातीन फुटाचे सहा तुकडे बसतात, एका टोकाला आटे पाडून घ्यायचे. उद्या मोठं टेबल करायचं झालं तर नुसता लांब पाइप आणायचा. वजनाला जड आहेत मात्र, बाल्कनीत पायावर पाडून घेऊ नकोस.

रंधेकाका:
आमच्या लहानपणी सुताराकडे एवढे शिकंजे कुठे होते, दोन जाड पट्ट्या पाटावर ठोकायच्या, मध्ये फळ्या, उरलेल्या फटीत दोन पाचरी उलटसुलट घालून हळूहळू ठोकायच्या, वर वजन ठेवायचं नाहीतर फळ्या उसळतात. तेवढ्यावर दारं झालीत. पण क्लॅम्पच्या आधी कडा बघ बाळा. कोरड्या फळ्या नुसत्या हाताने दाबून फट बंद व्हायला हवी, मागे दिवा धरून बघ. क्लॅम्पने ओढून मिटवलेली फट उन्हाळ्यात परत तोंड उघडते. आणि साग तेलकट, जुनी कड तशीच चिकटवू नकोस, ताजा रंधा मारून थिनरने पुसून लगेच गोंद लाव.

भुसाच_भुसा:
काकांना +1. आणि ओला फेविकॉल नि लोखंड एकत्र आलं की सागावर काळपट डाग पडतात, मध्ये बटर पेपर घाल. टोकांना वर-खाली आडव्या पट्ट्या, त्यांना खाकी टेप गुंडाळून तुझे ते जी क्लॅम्प लाव, फळ्या लेव्हलला राहतील.

बाल्कनीतला_सुतार:
पाइपचं ठरलं. दुकानदाराने विचारलं नळ कुठे बसवताय, म्हटलं टेबलाला. आज गोंद न लावता सगळं जुळवून बघितलं तर तिसऱ्या जोडात मध्यावर उजेड दिसतोय काका, पोस्टकार्ड सहज जाईल एवढा.

रंधेकाका:
मग क्लॅम्प सोड आणि रंध्याला धार लाव.