जुन्या लॅपटॉपवर हिरवे चौकोन, रेघा आणि मधेच काळा पडदा – मदरबोर्ड खरंच गेलाय का?

साखरपेठकर:
घराखालीच आमचा यंत्रमागाचा कारखाना आहे, टॉवेल आणि चादरींचा. जकार्डची, म्हणजे विणतानाच कापडात उमटणाऱ्या नक्षीची, डिझाइनं मी लॅपटॉपवर काढते. मशीन २०१५ चं, ८ जीबी रॅम, २ जीबीची वेगळी ग्राफिक्स चिप. ऊन वाढलं तसा त्रास सुरू झाला. डिझाइन मोठं करून बघितलं की हिरवे-जांभळे चौकोन उमटतात, मग पडदा काळा. कधी निळ्या स्क्रीनवर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' येतं. बिलं करताना मात्र काहीच होत नाही. दुकानात न उघडताच सांगितलं, "बोर्ड गेला, नवा घ्या." लग्नसराईच्या ऑर्डरी हातात आहेत, बाबा पुन्हा आलेखाच्या कागदावर डिझाइन काढायला बसलेत. त्यांचे डोळे आता तेवढे चालत नाहीत. बोर्ड गेलाय की नाही, हे घरी कसं कळेल?

जुळे सोलापूर:
एचडीएमआयने टीव्ही जोडा. चौकोन टीव्हीवरही आले तर पॅनेल आणि त्याची केबल निर्दोष. फक्त लॅपटॉपवर आले तर झाकण हळू मागे-पुढे करून बघा, बिजागरीपाशी केबल घासते.

अशोक चौक रिपेअर:
ताई, बिलं करताना चालतो म्हणजे तेव्हा प्रोसेसरमधलं साधं ग्राफिक्स काम करतंय. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वेगळं ग्राफिक्स डिसेबल (बंद) करा आणि तीच डिझाइन उघडा. तेव्हा चौकोन आले नाहीत तर दोष त्या वेगळ्या ग्राफिक्सकडे. बायोसचा (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगचा) पडदा स्वच्छ दिसला म्हणून फसू नका, तोही बहुतेक साध्या ग्राफिक्सवरच असतो.
आणि मागाजवळची मशीन आहे, तर फॅन काढून आत बघा. सुताची धूळ पात्यांवर कमी आणि फॅन व तांब्याच्या नळीवरच्या जाळीच्या मधे जास्त बसते, नमद्यासारखी. बाहेरून ब्लोअर मारला तर ती आणखी घट्ट होते. उघडल्यावर आधी बॅटरीची पिन काढायची. जाळी साफ करून प्रोसेसर आणि ग्राफिक्स, दोन्ही चिपवर नवी थर्मल पेस्ट (चिपची उष्णता नळीकडे नेणारा लेप) लावायची.

साखरपेठकर:
टीव्हीवरही चौकोन आले. वेगळं ग्राफिक्स बंद केल्यावर मोठी चादर उघडली, थोडी सावकाश, पण पडदा गेला नाही! मग भावाने फॅन काढला. जाळी पूर्ण बंद, बोटाने सोलून काढावी लागली. आधी तापमान ९७ अंशांवर जायचं, आता ७८ च्या आसपास. ग्राफिक्स पुन्हा चालू केलं तर चौकोन कमी झालेत, पण येतात. ओळखीचा एक जण चिप तापवून देतो म्हणतोय. करू का?

अशोक चौक रिपेअर:
नको. तापवलेली चिप बऱ्याचदा थोडेच दिवस चालते, आणि तेवढ्या उष्णतेने शेजारचे भाग जायची भीती. आधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर पूर्ण काढून लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा टाका. तरीही चौकोन आले तर ते ग्राफिक्स बंदच ठेवा. रॅमही मेमटेस्ट या रॅम तपासायच्या प्रोग्रॅमवर रात्रभर तपासा.

साखरपेठकर:
ड्रायव्हर बदलूनही आले. बंद ठेवलंय. रॅममध्ये दोष निघाला नाही. लॅपटॉप आता कारखान्यातून वरच्या खोलीत नेलाय, डिझाइनं रोज पेनड्राइव्हवर घेते. बाबांना कागदावरून उठवलंय.