चालीचा खरा अभ्यास कुणाचा: मायब्रिज की मारे?

गुडघेदुखी: माणसाच्या हालचालीचे पहिले फोटो म्हटलं की सगळे फोटोग्राफर मायब्रिजचं नाव घेतात. १८७८ साली कॅलिफोर्नियात पालो आल्टोला १२ कॅमेरे ओळीने मांडून त्याने दौडत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी अधांतरी असतात हे दाखवलं, मान्य. पण अभ्यास म्हणाल तर तो पॅरिसच्या एत्येन-ज्यूल मारेचा. हा फोटोच्या एकाच काचेवर पाठोपाठच्या छबी घ्यायचा. माणूस सावकाश चालला की छबी एकमेकींवर चढून नुसता पांढरा गिचका! मग १८८३च्या सुमारास त्याने माणसाला नखशिखांत काळे कपडे घातले, हातापायांवर चकचकीत पट्ट्या लावल्या आणि काळ्या पार्श्वभूमीपुढून चालवलं. काचेवर माणूस गायब, उरल्या रेघा. गुडघा किती वाकला ते खुशाल मोजा. मी फिजिओ आहे. आमच्या लॅबमध्ये पेशंटला चमकणारे गोळे चिकटवतो, ते दुसरं काय आहे?

रेघोट्या: साफ असहमत. रेघांना वजन नसतं. आम्ही अ‍ॅनिमेशनवाले आजही मायब्रिजच उघडून बसतो. १८८७च्या त्याच्या ७८१ प्लेटांमध्ये (एकेकीवर हालचालीच्या ओळीने छापलेल्या छबी) पैलवान आहेत, जिने चढणारी माणसं आहेत, घागर वाहणाऱ्या बाया आहेत. भार एकीकडे आला की कंबर दुसरीकडे कशी कलते, ते मारेच्या काड्यांत दाखव बरं.

जुनी_काच: त्याच प्लेटांमध्ये घोळ आहे. मार्टा ब्राउन या अभ्यासिकेने दाखवलंय की कित्येक ठिकाणी छबी गाळल्यात, इकडच्या तिकडे लावल्यात, आणि वर क्रम मात्र सलग.

रेघोट्या: संकलन म्हणतात त्याला. मला चालतं.

गुडघेदुखी: मला नाही चालत. मधली एक छबी गेली की पाऊल किती वेळ टेकलं होतं, तेच कळत नाही.

चहाटळ: मारेने काम केलं, मारे गाजावाजा झाला मायब्रिजचा 😀 गंमत म्हणजे दोघेही १८३०चे, दोघेही १९०४च्या मे महिन्यात गेले. आणि मारे कॅमेऱ्याकडे वळला तोच मायब्रिजचे घोडे एका फ्रेंच मासिकात बघून.

रेघोट्या: घ्या! बरं, गुडघेदुखीताई, एक सांगा. गोळे चिकटवलेला तुमचा पेशंट नेहमीसारखा चालतो का हो?

गुडघेदुखी: नाही, आखडतो. पहिल्या दोन-तीन फेऱ्या टाकूनच देते मी.