ह्युरॉन नदीचे मासे आणि रक्तातील पीएफओएस

गळकरी : आम्ही मिशिगनमध्ये ॲन आर्बरजवळ राहतो. घराणे मालवणकडचे असल्यामुळे ह्युरॉन नदीवरच्या केन्ट लेकमध्ये गळाला लागलेल्या ब्लूगिलचे कालवण आमच्याकडे वर्षानुवर्षे होत आले आहे. २०१८ मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याने पीएफओएस या रसायनामुळे ह्युरॉन नदीतील मासे खाऊ नयेत असे जाहीर केल्यावर आम्ही प्रमाण कमी केले, पण कातडी आणि चरबी काढून अधूनमधून खातो. नुकत्याच केलेल्या तपासणीत माझ्या रक्तातील पीएफएएस गटातील रसायनांची (सहजासहजी नष्ट न होणारी कृत्रिम रसायने, पीएफओएस त्यांपैकीच एक) बेरीज मिलिलिटरमागे १४ नॅनोग्रॅम आली. हे किती गंभीर आहे, आणि मासा नीट साफ केल्याने काही फरक पडतो का? सुनेला दिवस गेले आहेत, म्हणून विशेष काळजी वाटते.

खाडीकर : चरबी काढण्याचा सल्ला पीसीबी या दुसऱ्याच विषारी रसायनासाठी आहे. पीसीबी चरबीत साठते, त्यामुळे कातडी सोलून मासा जाळीवर भाजला की चरबीबरोबर त्यातले बरेचसे गळून जाते (कालवणात मात्र ती चरबी रश्श्यातच उतरते, हे आपल्याकडे कोणी लक्षात घेत नाही). पीएफओएस चरबीला नव्हे तर प्रथिनांना चिकटते, म्हणजे ते मांसातच असते आणि शिजवल्याने नष्ट होत नाही. यकृतात आणि गाबोळीत तर ते अधिक सापडते. ह्युरॉनमध्ये ते विक्सम येथील क्रोमियमचा मुलामा देणाऱ्या कारखान्यातून आले. क्रोमिक आम्लाचे तुषार हवेत उडू नयेत म्हणून अशा कारखान्यांत ते वापरत असत. तेव्हा तो मासा खाणे बंद करणे, एवढाच उपाय आहे.

रक्तपेढीवाला : आकड्याविषयी लिहितो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०२२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार ही बेरीज २ पेक्षा कमी असल्यास दुष्परिणाम अपेक्षित नाहीत, २ ते २० मध्ये, विशेषतः गर्भवतींसारख्या संवेदनशील व्यक्तींत, ते संभवतात, आणि २० च्या पुढे धोका वाढतो. आपण मधल्या गटात आहात. डॉक्टरांना कोलेस्टेरॉल तपासण्यास सांगावे. सुनेनेही स्वतःची तपासणी करून घ्यावी आणि रक्तदाबाकडे लक्ष ठेवावे. एकट्या पीएफओएसची देशातील सरासरी १९९९-२००० मध्ये सुमारे ३० होती आणि उत्पादन थांबल्यावर २०१७-१८ पर्यंत सुमारे ४ वर आली, म्हणजे पातळी उतरते. मात्र ती निम्मी व्हायला तीन ते पाच वर्षे लागतात. माशांतून शरीरात येणारा पारा त्या मानाने दोनेक महिन्यांत निम्मा होतो. ऑस्ट्रेलियात अग्निशमन दलाच्या जवानांवर झालेल्या चाचणीत नियमित प्लाझ्मादानाने पीएफओएस वर्षभरात जवळपास ३० टक्क्यांनी घटले, पण केवळ त्यासाठी दान करावे असे मी सुचवणार नाही.

गळकरी : आभार. मग भारतीय दुकानातील गोठवलेली सुरमई आणावी काय?

खाडीकर : सुनेसाठी तरी नको. सुरमईच्या कुळातील किंग मॅकरेल, तसेच मोरी (शार्क), हे दोन्ही पाऱ्यामुळे गर्भवतींनी टाळायच्या अमेरिकी यादीत आहेत, आणि पाकिटावर नुसते 'किंगफिश' लिहिलेले असले तर आत नेमकी कोणती जात आहे हे कळत नाही. तारली आणावी. मासा पूर्ण सोडू मात्र नका, गर्भाच्या मेंदूच्या वाढीला त्यातील ओमेगा-३ लागते. गळाची हौस असेल तर ह्युरॉनवर मासा पकडून परत पाण्यात सोडावा. हात लागल्याने काही बिघडत नाही.